ताकदीआधी वारा पाहावा

गोल्फच्या संगणक-खेळात प्रत्येक होलची (चेंडू खळग्यात घालेपर्यंतच्या टप्प्याची) सुरुवात ड्रायव्हरने, म्हणजे सर्वात लांब पल्ल्याच्या काठीने, पूर्ण ताकदीनेच करावी, हे मत मला पटत नाही. सोलापुरात घरी पुतण्याबरोबर रोज रात्री खेळताना लक्षात आले की, समोरून वारा असला की उंच गेलेला चेंडू हवेतच अडतो, म्हणून एक क्लब मोठा (जास्त पल्ल्याची काठी) घेऊन कमी उंचीचा, सावकाश फटका मारणे हिताचे ठरते. काल पार ५ च्या (पाच फटक्यांत पुरा करणे अपेक्षित असलेल्या) होलवर पुतण्याने दुसऱ्याच फटक्यात ग्रीन (खळग्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) गाठायला जाऊन चेंडू पाण्यात घालवला आणि दंडाचा फटका ओढवून घेतला. मी होलच्या ९० यार्ड अलीकडे थांबलो आणि वेजच्या (जवळच्या उंच फटक्याच्या क्लबच्या) फटक्यानंतर बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, साधली. पटिंगमध्ये (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवताना) चेंडू होलच्या उताराकडच्या खालच्या अंगाला ठेवावा, म्हणजे पुढचा पट चढाचा येतो.