गावतळ्याभोवती ६०० मीटर पायवाट: काळ्या मातीत पेव्हर की मुरूम?

तळेकाठ_लातूर:
नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात एका गावतळ्याभोवती जैवविविधता उद्यान करायचं चाललंय. तीन बाजूंना जवळजवळ सपाट रान, चौथ्या बाजूला मातीची जुनी पाळ, पाळीच्या टोकाला सांडवा (तळं भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्याची जागा). वाट ६०० मीटर लांब, दीड मीटर रुंद. म्हाताऱ्या माणसांना चालता यावं, व्हीलचेअरही जावी. माती काळी, पावसात घोट्यापर्यंत रुतते. अंदाजपत्रकात पेव्हर ब्लॉक धरलेत. ते टिकतील का? मुरूम केला तर किती ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर) लागेल? आणि पाण्यापासून अंतर किती सोडायचं?

धुम्मस:
पेव्हर काढून टाका. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तळ्याकाठी तर तिचं फुगणंही सारखं नसतं: पाण्याकडची कड ओली राहते, बाहेरची सुकते. वर्षा-दोन वर्षांत ब्लॉक एका अंगाला कलतात आणि व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं सांध्यांत अडकतात. मुरमाची वाटही हलते, पण ती दुरुस्त करायला एक माणूस, फावडं आणि धुम्मस (माती ठोकून बसवायचं जड हत्यार) पुरतं.

थर असे: गवताच्या मुळांसकट वरची २० सेंमी माती काढा. तळाला ५ सेंमी मुरूम, त्यावर १५ सेंमी दगडी सोलिंग (रचलेल्या मोठ्या दगडांचा थर), वर १० सेंमी मुरूम. म्हणजे वाट रानापेक्षा १० सेंमी उंच राहते, आणि तेवढी ती हवीच. खालचा मुरूम वाचवायला जाऊ नका. तो नसेल तर ओली माती सोलिंगच्या फटींतून वर येते आणि दगड खाली बसत जातात.

क्षेत्र ९०० चौरस मीटर. सोलिंग १३५ घनमीटर, म्हणजे ४८ ब्रास. मुरूम दाबल्यावर १३५ घनमीटर हवा, तर सुटा त्याच्या सव्वा ते दीड पट येतो. १.३ पट धरा: साधारण ६२ ब्रास. ट्रॅक्टरवाला सुटा मुरूम मोजतो, अंदाजपत्रकात दाबलेला लिहिलेला असतो. निम्मी भांडणं इथेच होतात.

मुरूम घेण्याआधी मूठभर ओला करून लाडू वळा आणि उन्हात वाळवा. बोटाने भुगा झाला तर त्यात चिकटपणा नाही, पहिल्या पावसात सुटेल. वाळून दगडासारखा झाला आणि तडकला तर माती जास्त, वाट निसरडी होईल. दाबताना मुठीत गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकाच ओलावा ठेवा. वरचे १० सेंमी दोन थरांत, प्रत्येक थरावर छोट्या रोलरच्या सहा ते आठ फेऱ्या.

पाणलोट:
वरचा हिशोब बरोबर, फक्त सोलिंगच्या फटी भरायला १२ ते १५ ब्रास मुरूम वेगळा धरा. तो धरला नाही की वरच्या थरातला आत जातो आणि १० चे ६ सेंमी उरतात.

त्याआधीची गोष्ट म्हणजे आखणी. एप्रिलमध्ये काठ बघून चुन्याची रेघ मारू नका. तळं भरलेलं असताना, सप्टेंबरच्या सुमारास, पाण्याच्या कडेने खुंट्या ठोका. उन्हाळ्यात त्या खुंट्यांपासून बाहेर मोजा. पुरात पाणी कुठवर चढतं हे शेजारच्या शेतकऱ्यांना विचारा, झाडांच्या बुंध्यांवर गाळाची खूणही सापडते.

पाळीवर खोदाई अजिबात नको. तिथे सोलिंगही नाही. गवत खरवडून १० सेंमी मुरूम टाका आणि उतार तळ्याच्या बाजूला द्या. पाणी बाहेरच्या उतारावरून वाहिलं तर आधी घळी पडतात, मग पाळ खचते. पाळीवर वड, पिंपळ, करंज काही लावू नका. मुळं कुजली की त्या पोकळीतून पाणी वाट काढतं. हरळी चालेल, बाहेरच्या उतारावर वाळ्याच्या आडव्या ओळीही चालतील. पाळीचा हिशोब करताना सोलिंगचे आकडे तेवढ्या लांबीने कमी करा.

सांडव्यात भराव घालून वाट नेणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. सांडव्याचा माथा ३० सेंमी उंचावला की तळ्याची पातळी तेवढीच चढते आणि पाळीच्या माथ्यापर्यंतचं राखीव अंतर तेवढंच घटतं. एकतर सांडव्याची पूर्ण रुंदी मोकळी ठेवून छोटा पूल करा, नाहीतर वाट तिथेच थांबवून लोकांना मागे फिरवा. इंग्रजी यू आकाराची वाट असली म्हणून काही बिघडत नाही. पाळ ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी आधी घ्या.

टिबुकली:
अंतराबद्दल. पाणथळ जागांसाठीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांत सरासरी कमाल पूररेषेपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकामाला मनाई आहे. पिण्याच्या किंवा सिंचनाच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेली तळी त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून तुमचं तळं कशात बसतं ते कागदावर बघून घ्या. काही असो, सिमेंटऐवजी मुरूम हे तिथेही सोयीचं.

सगळीकडे काठाला चिकटून वाट नको. जिथे पाणकणीस आणि लव्हाळं दाट आहे तिथे १५-२० मीटर बाहेर वळवा. टिबुकली, वारकरी, जांभळी पाणकोंबडी हे पाणपक्षी तिथेच घरटी करतात, आणि त्यांचा हंगाम बहुतेक पावसाळ्यातच. काठाजवळ यायला एक-दोन जागा पुरेत, त्याही उघड्या किनाऱ्याच्या. रात्रीचे दिवे फक्त फाटकाशी.

वाटेलगत बाभूळ असेल तर दर आठवड्याला काटे झाडावे लागतील. व्हीलचेअरच्या ट्यूबला एक काटा पुरतो.

तळेकाठ_लातूर:
पेव्हर रद्द करायला सांगतो. दोन शंका: कडेला दगड लावायचे का? आणि उतार मोजायला यंत्र नाही.

धुम्मस:
कडेचे दगड लावा, पण त्यांचा माथा मुरमाच्या बरोबरीत ठेवा. वर काढले की वाटेचा पाट होतो. बरोबरीत असले तरी पाणी उतरतं त्या बाजूला दर दोन-तीन मीटरला वीतभर फट सोडा.

उतार मोजायला पारदर्शक नळी घ्या, १० मीटरची, पाणी भरून; दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं, तिथून जमीन किती खाली ते मोजा. आत बुडबुडा राहू देऊ नका, सगळा घोळ त्यानेच होतो. आडवा उतार दीड मीटरला ४ ते ५ सेंमी, जास्त नको, नाहीतर व्हीलचेअर सतत एका बाजूला ओढते. लांबीतला चढ २० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त नको. रानातलं पाणी वाटेवर येत असेल तर वरच्या अंगाला चर काढा आणि सखल जागी वाटेखालून ३०० मिमीचा ह्यूम पाईप (सिमेंट काँक्रीटचा नळ) टाका. त्याहून लहान पाईप पाचोळ्याने तुंबतो. दर १०० मीटरला वाट दोन मीटर रुंद करून तिथेच बाक ठेवा: ४५ सेंमी उंच, पाठ आणि हात असलेला. हाताला आधार नसेल तर गुडघे दुखणारा माणूस बसतो, पण उठायला त्याला दुसरा लागतो.

काम मेच्या मध्यापर्यंत उरका. पहिल्या दोन पावसांनंतर खड्डे दिसतील, त्यासाठी चार-पाच ब्रास मुरूम बाजूला ढीग करून ताडपत्रीखाली ठेवा.