बडोद्यात फाइन आर्ट्स: पहिल्या वर्षी हॉस्टेल, पीजी की मावशीचं घर?

नंदुरबारची आई
नमस्कार. मुलीला बडोद्याच्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत फाइन आर्ट्सला प्रवेश मिळालाय. चार वर्षांचा कोर्स आहे. राहायचं कुठे, यावर घरात एकमत होत नाही. माझी मावसबहीण मांजलपूरला राहते. तिची एक खोली रिकामी आहे आणि "पोरगी माझ्याकडेच राहणार" असं तिने सांगूनही टाकलंय. मुलीला युनिव्हर्सिटीचं हॉस्टेल हवंय. तिच्या बाबांना हॉस्टेलची काळजी वाटते. मुलगी याआधी एकटी कधीच राहिलेली नाही, आणि आजारी पडली तर कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न. फतेहगंजमधल्या दोन पीजींचेही फोन नंबर मिळालेत. तिथे राहिलेल्यांनी सांगावं. हॉस्टेल घ्यायचं ठरलं तर खोली कशी निवडायची, काय बघायचं?

कारेलीबागचे काका
ताई, सख्ख्यासारखी बहीण असताना हॉस्टेल कशाला? घरचं गरम जेवण आणि घरचं लक्ष, दोन्ही मिळेल. शहर लहान आहे, रिक्षा कुठेही मिळते. पहिलं वर्ष बहिणीकडे काढू द्या, मग बघा.

छापखान्यातली
काकांचा जिव्हाळा समजतो, पण माझं मत वेगळं आहे आणि ते मी अगदी ठामपणे मांडणार आहे. मी नाशिकहून इथे आले, प्रिंटमेकिंग म्हणजे छापचित्रकला केली, सगळी वर्षं हॉस्टेलला राहिले. आता लग्नानंतर दांडिया बाजारात असते. ताई, पहिलं वर्ष हॉस्टेललाच काढू द्या. दुसऱ्या वर्षी हवं तर मावशीकडे जाऊ दे. उलट नको.

कारण सांगते. फाइन आर्ट्सचं काम वर्ग सुटला की संपत नाही. सकाळी लवकर स्केचिंगला जायचं असतं, कधी स्टेशनवर, कधी कमाटीबागेत, कधी मांडवीच्या बाजारात. संध्याकाळी पुन्हा स्टुडिओ. वर्षाच्या शेवटी डिस्प्लेच्या, म्हणजे कामांच्या प्रदर्शनाच्या, आधी तर दिवस आणि रात्र एक होते. पहिल्या वर्षी मुलं मास्तरांकडून जेवढं शिकतात, तेवढंच शेजारच्या ईझलवर काम करणाऱ्या सीनिअरकडून शिकतात, आणि ते बहुतेक संध्याकाळीच. मांजलपूरला राहणारी मुलगी त्याच वेळी घड्याळ बघत सामान आवरत असते.

मांजलपूर शहराच्या दक्षिणेला, फॅकल्टी उत्तरेकडे फतेहगंजच्या बाजूला. लालबाग, कीर्तिस्तंभ, काळा घोडा करत रोज जायचं-यायचं. हातात मोठा ड्रॉइंग बोर्ड, पाठीवर सॅक आणि वर जुलैचा पाऊस. ओला कॅनव्हास रिक्षात कसा धरायचा ते तिला विचारा. दिवसाला एक-दीड तास प्रवासात गेला तर तो झोपेतून जातो किंवा कामातून.

आणि मावशीचं मन मोडायची गरज नाही. बाहेरगावच्या मुलींना हॉस्टेलच्या फॉर्मवर लोकल गार्डियन लागतो. तिथे मावशीचं नाव घाला, सही तिचीच घ्या. सुट्टीच्या दिवशी जेवायला तिच्याकडे, अडीअडचणीला पहिला फोन तिला. तिचा मान राहतो आणि मुलीला शहरात हक्काचं घर राहतं.

आता खोली. शक्य असेल तर तळमजला घेऊ नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची खूण २५ फुटांवर आहे. सयाजीगंज, फतेहगंज, समा, अकोटा अशा किती भागांत पाणी शिरलं, वस्तीत मगरी निघाल्या, पूल बंद झाले. नदी कमाटीबागेतूनच वाहते, म्हणजे युनिव्हर्सिटीपासून ती लांब नाहीच. त्यामुळे मधला मजला मागा. सगळ्यात वरचा नको, कारण एप्रिल-मे महिन्यांत गच्चीखालची खोली रात्रीसुद्धा तापलेली असते. शिवाय त्या वेळी पुरात पाणी आणि लाइट यांची काय सोय झाली, हे जुन्या मुलींना जरूर विचारा.

रूममेट आपल्याच फॅकल्टीची मिळाली तर बरं. सायन्स किंवा कॉमर्सच्या मुली चांगल्या नसतात असं नाही, माझी सगळ्यात जवळची मैत्रीण फूड अँड न्यूट्रिशनची होती. पण तैलरंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वास लहान खोलीत भरून राहतो आणि परीक्षेला बसलेल्या मुलीचं डोकं उठतं. तैलरंग आणि टर्पेंटाइन स्टुडिओतच ठेवायचं, खोलीवर फक्त पेन्सिल, चारकोल, जलरंग, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं. ब्रश धुवायला कॉमन बेसिन वापरू नये, त्यावरून खूप भांडणं होतात.

आणि मेस बघायला साध्या वारी जा, उद्घाटनाच्या किंवा सणाच्या दिवशी नाही. मुलीला तिथे एकदा जेवू द्या. डाळ गोड लागेल, गुजरातमध्ये गूळ पडणारच. तुम्ही नंदुरबारच्या, तुम्हाला ते नवीन नाही. घरून ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी दिली की निभतं. पण पोळी कच्ची आहे का, पिण्याच्या पाण्याचा कूलर स्वच्छ आहे का, उशिरा आलेल्या मुलीचं ताट झाकून ठेवतात का, हे बघा. यातलं शेवटचं फाइन आर्ट्सच्या मुलीसाठी फार महत्त्वाचं आहे. वॉर्डनना भेटाच, पण खरी माहिती दुसऱ्या वर्षाच्या मुलींकडून मिळते. संध्याकाळी सातच्या सुमारास गेटपाशी थांबलात तर त्या भेटतील.

नंदुरबारची आई
ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. लोकल गार्डियनचं ऐकून माझ्या बहिणीचाही सूर बदलला. मिस्टरांचे दोन प्रश्न उरलेत, रॅगिंग आणि रात्रीचं आजारपण.

छापखान्यातली
दोन्ही प्रश्न रास्त आहेत. रॅगिंगबद्दल यूजीसीचा २००९ चा नियम कडक आहे. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांनाही हमीपत्र भरावं लागतं. नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवावं असंही त्यात म्हटलंय, तेव्हा "पहिल्या वर्षाच्या मुली कुठे राहतात?" हे थेट विचारा. देशभराची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे, मुलीच्या फोनमध्ये आजच घालून द्या.

आजारपणासाठी युनिव्हर्सिटीचं स्वतःचं हेल्थ सेंटर आहे, आणि सयाजीराव हॉस्पिटलसारखं मोठं सरकारी रुग्णालय काळा घोड्यापासून जवळ आहे. मला हॉस्टेलला असताना मोठा ताप आला होता. तेव्हा रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलल्या त्या शेजारच्या खोलीतल्या दोघींनी. सकाळी त्यांचं क्रिट, म्हणजे कामावरची चर्चा, होतं, तरी बसल्या. मिस्टरांना हे जरूर सांगा. हॉस्टेलमध्ये मुलगी एकटी नसते.

निझामपुऱ्याचा भाडेकरू
पीजीचा विषय निघालाय म्हणून लिहितो. हॉस्टेलला नंबर लागला नाही तरच पीजी बघा, आणि सगळं लिखित घ्या. माझ्या बहिणीला एका पीजीत सत्राच्या मध्येच लाइटबिल वेगळं मागायला लागले आणि सोडताना डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापले. करारात काहीच नसल्यामुळे बोलता आलं नाही. कुणी भाड्यावर जीएसटी लावत असेल तर लक्षात ठेवा, महिना माणशी २०,००० रुपयांपर्यंतच्या मुक्कामाला, सलग किमान ९० दिवस राहणार असाल तर, २०२४ पासून माफी आहे.

दुसऱ्या वर्षाची
काकू, मी सध्या तिथेच शिकते. ताईंनी सांगितलेलं पटलं, फक्त एक जोडते. नवरात्रात गेटच्या वेळेचा प्रश्न येतोच. आमच्या फॅकल्टीचा स्वतःचा गरबा असतो आणि तो चुकवावासा कुणालाच वाटत नाही. बाहेरच्या मैदानांवर जायचं तर आधी परवानगी लागते आणि लोकल गार्डियनचा फोन नंबर बरोबर असावा लागतो. मावशींना तेवढं सांगून ठेवा, नाहीतर रात्री ऐनवेळी फोन लागत नाही.

सामानात बादली, स्वतःचं कुलूप, मच्छरदाणी आणि लांब एक्स्टेंशन बोर्ड आणा. ड्रॉइंग बोर्ड इथेच घ्या, नवजीवन एक्स्प्रेसच्या गर्दीत नंदुरबारहून आणू नका. आणि कधी येताय ते लिहा, मी गेटपाशी येते. मेसमध्ये तुमच्यासोबत जेवेन आणि मधल्या मजल्यावरची माझी खोलीही दाखवेन.

नंदुरबारची आई
येत्या शनिवारी येतोय, मुलगी आणि तिचे बाबा दोघंही. तुला मेसेज करते गं.