मदत हवी आहे: घरी करायची नशेची चाचणी कोणती घ्यावी? (तातडीचं)

वैतागलेली_आई: घाईत लिहितेय. मुलाच्या दप्तरात नको ती वस्तू सापडली. लघवी तपासून नशा ओळखणारे किट मिळतात म्हणे. त्यातलं भरवशाचं कोणतं? नवरा म्हणतो आधी विचारू, पण विचारलं की तो थापा मारणार, मी ओळखून आहे. "प्रेमाने बोला" छापाचे सल्ले कृपया नकोत. फक्त किटचं सांगा.

निरुत्तर: वय काय? आणि "नको ती वस्तू" म्हणजे? बाटली, पुडी, गोळ्या?

जुनाजाणता: किटबिट सोडा. फोनवर नजर ठेवणारं ॲप टाका. कुठे आहे, कोणाशी बोलतोय, सगळं बसल्या जागी दिसतं. मी मुलाच्या फोनमध्ये कधीच टाकलंय.

खोडसाळ: त्याच्याकडे दुसरा फोन आहे, तेही दिसतं का त्यात?

जुनाजाणता: आमच्या घरी असले प्रकार चालत नाहीत.

मोकळाढाकळा: मला विचाराल तर घरीच, आपल्यासमोर, दारूची थोडी चव द्यावी. कुतूहल संपतं. बाहेर चोरून पिण्यापेक्षा बरं.

रेघोट्या: हे इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता चीड येते. ऑस्ट्रेलियात सुमारे १९०० मुलं सहा वर्षं अभ्यासली, २०१८ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आलंय. आईवडिलांनी दारू दिल्याने मूल सुरक्षित राहतं असं काही दिसलं नाही. उलट घरी दारू मिळालेली मुलं पुढच्या वर्षी बाहेरूनही मिळवण्याची शक्यता वाढलेली.

मोकळाढाकळा: अभ्यास काय, काहीही सांगतात. मी तसाच वाढलो. मला काय झालं?

खोडसाळ: आम्हीही तेच विचारतोय.

वैतागलेली_आई: अहो, दारू कुठून आली मध्येच? दारू नाहीये! १५ वर्षांचा आहे. पेन ड्राइव्हसारखं काहीतरी आहे, एका टोकाला चपटं तोंड. सोबत छोटी बाटली, आत पिवळसर, तेलकट पातळ. वास गोळ्या-चॉकलेटला येतो तसा, फळाचा पण खोटा. किट कोणतं??

निरुत्तर: हे आधी लिहिलं असतं तर निम्मा धागा वाचला असता. वेप आहे तो, वाफ ओढायची इलेक्ट्रॉनिक सिगारेट.

लॅबवाली: मी तपासणीच्याच कामात आहे म्हणून लिहिते. ताई, नेहमीच्या किटमध्ये गांजा, अफूच्या जातीचे पदार्थ, कोकेन, ॲम्फेटामिन आणि काही झोपेच्या गोळ्या एवढं तपासतात. निकोटीन त्यात नसतं. त्याला कोटिनिनची, म्हणजे निकोटीनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाची, वेगळी पट्टी लागते. म्हणजे पोरगं दिवसभर वेप ओढत असलं तरी तुमचं किट निगेटिव्ह येईल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. उलटही होतं. गांजा एखाद्या वेळी ओढला तर साधारण तीन दिवस दिसतो, रोजच्या ओढणाऱ्याचा सोडल्यावरही काही आठवडे दिसू शकतो. खसखस खाऊनसुद्धा अफूची पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. वेपमध्ये गांजाचं तेलही भरतात, आणि त्याचा वास ओढलेल्या गांजासारखा येईलच असं नाही. म्हणून बाटलीवर काय छापलंय ते आधी वाचा.

उत्तरध्रुव: मूळ उपाय आइसलँडने केला. १९९८ साली तिथली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं महिन्याभरात एकदा तरी झिंगलेली होती, २०१६ साली ५ टक्के. मुलांना रात्री बाहेर फिरायला बंदी, खेळांना सरकारी पैसा, आईबापांनी मुलांबरोबर घालवायचा वेळ...

वैतागलेली_आई: मी संध्याकाळपर्यंत आइसलँड होऊ शकत नाही. बाटलीवर "निकोटीन ५० एमजी/एमएल, १० एमएल" लिहिलंय. झाकण नीट लागत नाही, ओट्यावर ठेवलीय. मघाशी धाकटी विचारत होती, हे सिरप आहे का.

लॅबवाली: बाटली आत्ता उचला. आधी ते, मग वाचा. भरलेल्या बाटलीत ५०० मिलिग्रॅम निकोटीन असतं, लहान मुलाच्या जिवावर बेतायला त्यातलं थोडंसंही पुरे. ते कातडीतूनही शरीरात जातं. हाताला लागलं असेल तर साबणाने धुवा, ओटा पुसा, ते फडकं टाकून द्या. धाकटीला उलट्या, तोंडाला लाळ, पांढरटपणा, काहीही दिसलं तर बाटलीसकट थेट रुग्णालयात. प्यायल्याची नुसती शंका असली तरीही. घरी उलटी करायला लावू नका.

रेघोट्या: धाकटी किती वर्षांची?

वैतागलेली_आई: ३. काही प्यायलेली नाही, खेळतेय, विचारलं मी. बाटली पिशवीत बांधून कपाटात कुलूप लावलं. हात दोनदा धुतले. मग किट नकोच म्हणता का?

लॅबवाली: निकोटीनच असेल तर त्याच्याकडून काढायची माहिती वेगळी. सकाळी उठल्यावर किती वेळात ओढावंसं वाटतं? अर्ध्या तासाच्या आत असेल तर सवय अंगात मुरलीय, डॉक्टरांकडे न्या. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड, डोकं दुखणं, झोप उडणं होईल, त्याला उद्धटपणा समजू नका. आणि हे नुसती पट्टी सांगणार नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही घरच्या घरी परस्पर अशा चाचण्या करण्याच्या बाजूने नाही.

मोकळाढाकळा: वेपपेक्षा साधी सिगारेट बरी, निदान वास तरी येतो.

रेघोट्या: तुम्ही थांबाल का जरा?

निरुत्तर: त्याने ती आणली कुठून हेही विचारा. स्वतःची आहे की कोणाची सांभाळायला ठेवलीय. पंधराव्या वर्षी दोन्ही शक्य असतं.

वैतागलेली_आई: तो आला. नवरा बोलणार आहे, मी आतल्या खोलीत. कोटिनिनची पट्टी तरीही मागवलीय, तोंडाने काय सांगतो ते नंतर ताडून बघेन. थापा मारतोच तो.

जुनाजाणता: ॲपची लिंक व्यक्तिगत निरोपातून पाठवली आहे.