३००० मीटरमधले आपले किती?

अंतारेस २०ई हे बॅटरीवरच्या मोटरीने स्वतःहून टेकऑफ करणारं ग्लायडर एका चार्जमध्ये ३००० मीटर चढतं, म्हणजे घरी परतायची चिंता मिटली, असं म्हणतात. पण टेकऑफही त्याच बॅटरीवर होतो ना! ६०० किलोचं ग्लायडर १००० मीटर वर न्यायला निव्वळ १.६ युनिट वीज पुरते. पंख्यात (प्रोपेलरमध्ये) वाया जाणारी वीज वगैरे धरून मी दुप्पट मोजतो. सुरुवातीलाच ६०० मीटर चढलात की पाचवा हिस्सा गेला. उरलेल्या २४०० मीटरचे, ५६च्या ग्लाइड रेशोने (म्हणजे १ मीटर खाली येताना ५६ मीटर पुढे), १३४ किमी होतात, तेही शांत हवेत. समोरून वारा असेल तर मी निम्मेच धरेन. थंडीत बॅटरी रुसते ते वेगळंच. मात्र पेट्रोल इंजिनासारखी हिची ताकद विरळ हवेत घटत नाही, हे कबूल.