‘पर्णवृंत नमुना’ म्हणजे नेमका कोणता देठ?

निफाडचा वेल
द्राक्षवेलीचं पोषण तपासायचंय, तर लॅबच्या कागदावर ‘पर्णवृंत नमुना आणा’ असं लिहिलंय. द्राक्षात पानाचा देठ, घडाचा देठ, मण्याचा देठ, सगळेच देठ! यातला कोणता? आणि पान सोबत ठेवायचं का?

पानफूल
पानाचा. वृंत म्हणजे देठ, आणि कुणाचा ते आधी लागतं: पर्णवृंत, पुष्पवृंत. देठ असलेलं पान सवृंत, नसलेलं अवृंत. रुईचं पान जवळपास अवृंतच.

खरी फसगत शेवग्यात होते. तिथली बारकी पानं ही पानं नव्हेत, पर्णिका आहेत, म्हणजे एकाच मोठ्या पानाचे तुकडे. खूण सोपी: पर्णवृंताच्या बगलेत डोळा (नव्या फुटीची कळी) असतो, पर्णिकेच्या बगलेत नसतो. द्राक्षाचं पान साधं, त्यामुळे हा घोळ नाही.

(गोदावरीतल्या पाणवेलीचा, म्हणजे जलपर्णीचा, तो फुगीर गड्डा दिसतो ना, तोही पर्णवृंतच. आडवा कापा, आत हवेच्या पोकळ्या दिसतील.)

छाटणी ते काढणी
आता नमुन्याचं. खरड छाटणीनंतर (एप्रिलची) साधारण ४५व्या दिवशी काडीच्या बुडापासून पाचव्या पानाचा देठ. फळछाटणीनंतर (ऑक्टोबरची) पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा. या दोन वेळांची गल्लत करू नका, दोन्हींचे प्रमाण-आकडे वेगळे असतात.

१५० ते २०० देठ लागतात. बागेत नागमोडी फिरत एका वेलीवरून एक-दोनच घ्या, बांधालगतच्या ओळी सोडा. थॉमसन आणि शरद या वेगळ्या जाती एकाच पिशवीत नको. पिशवी कागदी हवी. प्लॅस्टिकमध्ये देठांना घाम सुटतो आणि बुरशी धरते. बोर्डो किंवा मॅन्कोझेब या बुरशीनाशकांच्या फवारणीनंतर लगेच नमुना काढू नका. तांबं, जस्त, मँगनीज खोटंच वाढलेलं दिसतं.

पातं, म्हणजे पानाचा पसरट भाग, तोडल्या जागीच खुडून टाका.

निफाडचा वेल
पातं राहिलं तर काय बिघडतं?

छाटणी ते काढणी
देठ ही मुळांकडून पात्याकडे जाणारी वाट आहे. नायट्रेट आणि पालाशचा चालू पुरवठा तिथे लवकर कळतो. पात्यात नत्र देठापेक्षा बरंच जास्त असतं. पातं मिसळलेला नमुना देठाच्या तक्त्याशी ताडला की रिपोर्टमध्ये ‘नत्र भरपूर’ येतं. मग तुम्ही डोस कमी करता आणि उपाशी वेल आणखी उपाशी राहतो.