अर्ध्या एकराच्या तळ्यात म्हशीचं शेण टाकू की कोंबडीखत?

राजवाडा_रिटर्न:
नमस्कार मंडळी. इंदूरजवळ देपालपूरच्या बाजूला सासऱ्यांचं शेत आहे, तिथे अर्ध्या एकराचं तळं खोदलंय, काळी माती, खाली प्लास्टिक नाही, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडं होतं आणि आता पावसाने साडेपाच फूट भरलंय. कटला, रोहू, मृगळची बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) पंधरा दिवसांनी येणार. विकतचं खाद्य घालून हिशेब जमत नाही म्हणून खताचा विचार चाललाय. घरी चार म्हशी, म्हणजे शेण फुकट. सासरे म्हणतात गोठा धुतला की पाणी सरळ तळ्यात सोडू, रोजची कटकट मिटली. शेजारचा ब्रॉयलरवाला म्हणतो शेणात काय ठेवलंय, माझं कोंबडीखत दोन ट्रॉली टाक आणि विसरून जा. मी बँकेत बसणारा माणूस, मला दोन्हीतलं काही कळत नाही. आणि एक बावळट प्रश्न, मासे खरंच शेण खातात का हो?

भिया_नमस्ते:
बँकेतला माणूस फुकट म्हटलं की लगेच तयार 😄 असो, बोटुकलीच्या गाडीबरोबर जो येईल त्याला पण विचारा, ते लोक बरंच काही बघून असतात.

सांवेरची_ताई:
प्रश्न बावळट नाही, निम्मे लोक असंच समजतात. थोडंफार मृगळ नि कॉमन कार्प तळातलं कुजकं चघळतात, पण शेण टाकायचं ते माशासाठी नाही, पाण्यासाठी. शेण कुजतं, त्यातून नत्र-स्फुरद सुटतं, त्यावर हिरवं सूक्ष्म शेवाळ वाढतं, ते खायला डॅफ्निया, सायक्लॉप्स, रोटिफर असले बारीक जीव येतात आणि कटला त्यांच्यावर जगतो. मृगळ तळाशी, रोहू मधल्या थरात, म्हणून तिन्ही एकत्र सोडतात. ही साखळी उभी राहायला दहा-पंधरा दिवस लागतात, तेव्हा पहिला हप्ता आत्ताच टाका, बोटुकली आल्यावर नको.

आता किती. ताज्या शेणाचा सर्वसाधारण हिशेब हेक्टरला वर्षाला १० ते २० टन असतो, अर्धा एकर म्हणजे साधारण ०.२ हेक्टर, म्हणजे तुम्हाला २ ते ४ टन पूर्ण वर्षाला. त्याचा पाचवा हिस्सा, धरा ५०० किलो, सुरुवातीला. बाकी दर पंधरा दिवसांनी १०० ते १२५ किलो. चार म्हशी रोजचं पन्नास किलो शेण सहज देतात, म्हणजे वर्षाचे अठरा टन! सगळं तळ्यात लोटलं तर काय होईल ते तुम्हीच बघा. पंधरवड्यात दोन-तीन दिवसांचं शेण तळ्याला, बाकी उकिरड्यावर नि शेताला. सासऱ्यांना प्रेमाने सांगा की गोठ्याची नाली तळ्याकडे वळवू नका, कारण मग किती गेलं याचा पत्ताच राहत नाही.

टाकायची पद्धत पण सांगते. ढीग ओतू नका, तळाशी बसून सडतो आणि तिथलं पाणी काळं पडतं. आमच्याकडे ड्रममध्ये शेण पाण्यात कालवून पातळ करतो आणि काठाकाठाने मगाने शिंपडत जातो, सकाळी ऊन चढल्यावर. हाताला वास येतो दिवसभर, बाकी काही नाही.

कोंबडीखत वाईट नाही, पण त्यात नत्र भरपूर, म्हणून हेक्टरला वर्षाला पाच टनाच्या आसपासच पुरतं, तुम्हाला फार तर एक टन. दोन ट्रॉली एकदम टाकल्या तर मग मासे वरच येतील, पोट वर करून.

देपालपूरकर:
ताईंशी सहमत, आणि कोंबडीखताबद्दल एक गोष्ट जी आपल्या माळव्यात जास्त लागू पडते. काळ्या मातीचं पाणी आधीच क्षारी असतं, पीएच (आम्ल-क्षाराचं माप) आठच्या पुढे सहज. त्यात दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच आणखी चढतो. आता कोंबडीखतातनं अमोनिया सुटतो, तो पाण्यात दोन रूपांत असतो, एक बिनविषारी आणि एक विषारी, आणि किती विषारी ते पीएच ठरवतो. ३० डिग्रीच्या पाण्यात पीएच ७ ला विषारी हिस्सा एक टक्क्याच्या आत, ८ ला सात-आठ टक्के, आणि ९ ला चाळीसच्या वर. तेच खत, तेवढंच खत, फक्त दुपार झाली. लोक म्हणतात मासळीला नजर लागली.

माती आणि पाणी एकदा कस्तूरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून तपासून घ्या. तळ्यात चुना टाकतात त्याचं पण तेच, कुठलंतरी वाचून हेक्टरला ५०० किलो टाकू नका, ते आम्लधर्मी मातीचं माप आहे, आपल्याला त्याच्या निम्म्याहून कमी पुरतं, कधी कधी काहीच लागत नाही. टाकलाच तर चुना आणि शेण एकाच दिवशी नको, आठवडाभराचं अंतर ठेवा.

राजवाडा_रिटर्न:
बापरे, एवढं रसायनशास्त्र! पण कळलं. मग सांगा, पुढचा हप्ता टाकायचा की नाही हे ठरवायचं कसं? पंधरा दिवस झाले म्हणून टाकत राहायचं का?

सांवेरची_ताई:
कॅलेंडरवर नाही, पाण्यावर. सकाळी दहा-अकराच्या उन्हात काठावर बसून हात सरळ पाण्यात घाला, तळवा कोपरापर्यंत पाणी चढायच्या आत दिसेनासा झाला तर खत बस आहे. कोपर बुडालं आणि तरी बोटं दिसताहेत तर पाणी उपाशी आहे, टाका. मनगटाच्या थोडं वर आल्याबरोबर गायब होत असेल तर अजिबात टाकू नका. सेची डिस्क (पाण्यात किती खोलवर दिसतं ते मोजायची तबकडी) मिळाली तर ३० सेंटिमीटरच्या आसपास बघायचं, पण हात फुकट आहे. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उन्हाला धरून बघा, बारीक पांढरे ठिपके उड्या मारताना दिसले की समजा कटल्याचं ताट वाढलंय. रंग हलका हिरवा किंवा तपकिरी हिरवा छान. गडद, ऑइल पेंटसारखा, वास मारणारा हिरवा नको.

ढगाळ दिवस लागून आले, भादव्याची झड लागली, की हप्ता टाळा. रात्री सगळे ऑक्सिजन खातात, शेण कुजवणारे जंतू पण खातात, आणि पहाटे सर्वात कमी उरतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले की समजायचं. तेव्हा खत-खाद्य बंद, बोअरचं ताजं पाणी उंचावरून धार लावून सोडायचं, पंप असेल तर त्याच पाण्याला गोल फिरवायचं. थंडीत डिसेंबर-जानेवारीत शेण फार हळू कुजतं, तेव्हा पण कमी.

सीकेपी_काकू:
मी काही शेती करत नाही पण मासे खाते, म्हणून विचारते, शेणाच्या पाण्यातले मासे घरात कसे आणायचे? आमच्या सूनबाई ऐकल्या तर दारातच आडव्या पडतील.

देपालपूरकर:
काकू, आजवर बाजारातून जो रोहू आणलात त्यातला बराचसा अशाच तळ्यातला आहे, तुम्हाला कोणी सांगितलं नाही इतकंच. पद्धत अशी की मासे काढायच्या दोन-तीन आठवडे आधी खत थांबवतात, तोवर कुजायचं ते कुजून जातं. आणि मासे नीट शिजवले की काळजी नाही. कच्चं तर आपण खातच नाही.

राजवाडा_रिटर्न:
५०० किलो टाकून आठ दिवस झाले. पाणी हिरवट झालंय, ग्लासात ठिपके पण दिसतात. पण काल दुपारी वर लालसर तांबूस साय आली होती, संध्याकाळी गायब. सासरे म्हणतात शेणाचं तूप निघालं 🙈 काय आहे हे? आणि ढग पण आहेत.

सांवेरची_ताई:
बहुतेक यूग्लिना, एक सूक्ष्म शेवाळच, उन्हात लाल दिसतं, ऊन गेलं की हिरवं होतं. सेंद्रिय माल जास्त झाला की येतं. पुढचा हप्ता टाळा, साय काठाला आली की जुनं धोतर किंवा मच्छरदाणीने ओढून काढा. कोपऱ्यात शेणाचा गोळा बसलाय का तेवढं पायाने चाचपून बघा. आणि आता बोटुकली येईपर्यंत सुपर फॉस्फेट थोडं टाकता येतं, काळ्या मातीत स्फुरद चिकटून बसतं, पण चुन्यापासून लांबच, आणि साय गेल्यावर.

भिया_नमस्ते:
अर्ध्या एकरात किती बोटुकली टाकायची हे कोणी सांगितलंच नाही.

देपालपूरकर:
हेक्टरी पाच हजार, म्हणजे यांना एक हजार. सुरुवातीला त्याहून जास्त नको, एवढ्या शेणावर एवढेच पोसतात. कटला ३०, रोहू ३०, मृगळ ४० टक्के घ्या. पिशव्या उघडायच्या आधी तळ्यात तरंगत ठेवा, पाण्याचं तापमान सारखं होऊ द्या.

सीकेपी_काकू:
मोठे कधी होतात? कटल्याचं डोकं राखून ठेवा हो, त्याचं कालवण मी फुकट शिकवीन.

सांवेरची_ताई:
दहा-बारा महिन्यांत किलोच्या आसपास होतात काकू, नीट सांभाळलं आणि तोवर तळ्यात पाणी टिकलं तर.