उंदीर 'आपखुशीने' दारू पितो, ते मोजतात कसं?

पाणचट (धागाकर्ता)
'अमुक औषधाने उंदरांचं दारू पिणं कमी झालं' अशी बातमी दर दोन-चार महिन्यांनी येते. मोजतात कसं? पिंजऱ्यात एकटा उंदीर, दोन बाटल्या. एकीत पाणी, दुसरीत साधारण 10 टक्के अल्कोहोल. दुसऱ्या दिवशी बाटल्या तोलायच्या, जेवढं वजन घटलं तेवढं तो प्यायला. 1959 साली मॅक्लर्न आणि रॉजर्स यांनी असंच दाखवलं की सी57 वाणाचा उंदीर दारूकडे वळतो आणि डीबीए वाणाचा तिला तोंड लावत नाही.

माझं म्हणणं, यातून बाटली किती रिकामी झाली तेवढं कळतं, ओढ कळत नाही. हाच डीबीए बघा. दारूचं इंजेक्शन देऊन त्याला ठरावीक कप्प्यात ठेवत गेलं, तर नंतर तो आपणहून त्याच कप्प्यात जाऊन बसतो. मग त्याला नको काय आहे, दारू की तिची चव?

बायोवाली
हे काम हाताने केलंय म्हणून लिहिते. एवढं भाबडं नसतं हो ते. बाटल्यांच्या जागा रोज अदलाबदल कराव्या लागतात, कारण काही उंदीर डावीकडची बाटली सोडतच नाहीत, आत काहीही असो. शिवाय गळती! 25 ग्रॅमचा उंदीर दिवसात 3 मिली प्यायला तर किलोमागे साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल होतं. नळीतून नुसतं 0.3 मिली ठिबकलं तरी आकडा जवळजवळ एका ग्रॅमने फुगतो. म्हणून एका रिकाम्या पिंजऱ्यालाही बाटल्या लावतात आणि तिथली घट वजा करतात.

आणि नाल्ट्रेक्सोन हे औषध विसरू नका. प्राण्यांचं पिणं त्याने कमी होतं हे आधी दिसलं, मग 1994 मध्ये अमेरिकेत दारूच्या व्यसनासाठी त्याला मान्यता मिळाली.

खवचट_काका
साडेनऊ ग्रॅम? 70 किलोच्या माणसाला हिशोब लावला तर व्हिस्कीच्या अडीच खंब्यांहून जास्त. रोज! आणि तुमचा उंदीर झोकांड्यासुद्धा देत नाही. कशाची तुलना कशाशी चाललीय?

बायोवाली
काका, उंदराचं शरीर अल्कोहोल माणसापेक्षा कितीतरी भराभर जाळतं, आणि तो रात्रभर घोट घोट पितो. म्हणून तर नुसत्या ग्रॅमवर न थांबता रक्त तपासायचं. 2005 साली अमेरिकेत पोर्टलंडला ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी वेगळी पद्धत काढली. अंधार पडल्यावर तीन तासांनी, उंदरांच्या ऐन खाण्यापिण्याच्या वेळी, 20 टक्क्यांची बाटली दोन तास द्यायची. चौथ्या दिवशी चार तास. सी57 च्या रक्तात 100 मिलीमागे 100 मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं. आपल्याकडे गाडी चालवताना मर्यादा 30 ची आहे.

पाणचट
पण त्या दोन तासांत पाण्याची बाटली काढून घेतात, हे सोयीस्कर गाळलंत की! समोर एकच बाटली असताना 'आपखुशी' कसली?

बायोवाली
उरलेले बावीस तास पाणी असतंच, तहानेने मारत नाहीत. पण निवड नसते, हे खरं. त्या पद्धतीला 'झटपट भरपूर पिण्याचं' मोजमाप म्हणा, आवडीचं नको.

निशाचर
दोघेही बाटलीतच अडकलात. 2018 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांच्या गटाने रॅटना (मोठ्या जातीच्या उंदरांना) दारू किंवा गोड सॅकरिन यांपैकी एकच निवडायला लावलं. बहुतेकांनी गोड घेतलं, सुमारे 15 टक्के दारूलाच चिकटून राहिले. दारूसोबत पायाला विजेचा झटका बसू लागला तरी त्यांतले बरेच हटेनात. माणसांतही पिणारे पुष्कळ, पण व्यसनी थोडेच. सगळ्या पिंजऱ्यांची सरासरी काढली की नेमके हेच हरवतात.

खवचट_काका
एकट्याला कोंडून ठेवलं तर मीही जे मिळेल ते पिईन.

पाणचट
निशाचर, मला हेच हवं होतं. पण बातम्यांत येतात ते बहुतेक बाटल्यांचेच आकडे.

बायोवाली
येऊ देत. तेव्हा एवढंच बघायचं, त्याच औषधाने पाणी आणि साखरपाणी पिणंही कमी झालं का? झालं असेल तर दारूची ओढबीढ काही नाही, औषधाने उंदराला मळमळतंय किंवा झोप येतेय. त्याचा तक्ता मूळ शोधनिबंधात बऱ्याचदा असतो, बातमीत कधी आलेला मी तरी पाहिला नाही.